वाईनच्या फळीवरची व्हिस्की

१

पहिल्या घोटाला रामप्रसादचं तोंड कडू झालं असतं तर कुणाला काही वाटलं नसतं. त्याचं तोंड गोड झालं आणि तिथंच सगळा घोटाळा झाला.

त्यानं ग्लास दिव्यापुढे धरला, आनंदाच्या भरात घ्यायचा राहिलेला वास आता घेतला, आणि ग्लास टिपॉयवर ठेवून दिला. तोवर सोमेश्वरनं आपला ग्लास अर्धा केला होता.

"आरं हा तर चहा हाय बे!" सोमेश्वर ओरडला. "कोरा चहा! साखर घातलेला!"

बिभीषणनं जिभेचं टोक बुडवून पाहिलं. चहाच होता. दारूबंदी खात्यातून दुय्यम निरीक्षक म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला एवढं ओळखायला दुसरा घोट लागत नाही.

कडा गावात रामप्रसादच्या घरी दर शनिवारी संध्याकाळी ही बैठक बसे. रामप्रसाद साखर कारखान्याचा निवृत्त केमिस्ट. भारीतली बाटली कुणीही आणील, पण कमी किमतीतली चांगली शोधून काढायला जीभ लागते, असं तो म्हणे. प्रत्येकानं बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून आणायची, व्हिस्कीत माठातल्या पाण्याचे दोनच थेंब टाकायचे, खारे शेंगदाणे खायचे, मत द्यायचं आणि मगच कागद सोडायचा. उन्हाळ्यात वाईनची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाला टेकवलेली असे. बाहेर गुत्त्यावर जायचं नाही, गाडी चालवायची नाही, आणि बिभीषणच्या हट्टापायी सगळ्यांचे पिण्याचे परवानेसुद्धा काढलेले. मंडळी शहाण्यासारखी पीत.

अपवाद होता तो आश्रुबाचा. चांगली पंधरा एकर बागायत, मनानं दिलदार, पण त्याचे दोन घोट कधी दोनवर थांबलेच नाहीत. एकुलती एक लेक आरोही पुण्याला राहते. लग्नानंतर तिनं बापाला तोंडावर सांगितलं, "बाबा, तुम्ही पिणं सोडाल त्या दिवशी मी माहेरी येईन. तोवर मला माहेर नाही." त्याच आठवड्यात आश्रुबानं या बैठकीत एक नवी देशी सिंगल माल्ट उघडली, एक पेग घेतला आणि बूच घट्ट लावलं.

"ही माझी अमानत," तो रामप्रसादला म्हणाला होता. "आरोही माझ्या उंबऱ्यात येईल त्या येळी तुमी समदे प्या. म्या बघत बसन."

त्याला दीड वर्ष झालं. आश्रुबा बैठकीला यायचा मात्र चुकला नाही. आधी लिंबू-सोडा घेई, पुढे स्टीलच्या ग्लासात चहा घेऊ लागला. लोक कौतुक करत. आज तो नातीचं तोंड बघून, आठवडाभर पुण्याला राहून, थेट यष्टीतून उतरून बॅगेसकट बैठकीला आला होता. पेढ्यांचा पुडा पुढे करत म्हणाला, "सोमवारी येतीया आरोही. बाळाला घिऊन."

हे ऐकून रामप्रसादनं ती बाटली काढायला कपाट उघडलं, तेव्हा आश्रुबा घाईनं म्हणाला होता, "ऱ्हाऊ दे, ती नको. दुसरी काढ." कुणी त्याचं ऐकलं नाही.

आता सगळे त्याच्याकडेच बघत होते. आश्रुबाचा चेहरा पांढरा पडला. "म्या न्हाई केलं," एवढंसुद्धा तो बोलला नाही. हातातला चहाचा ग्लास खाली ठेवून, बॅग उचलून तो चालता झाला.

"बघितलं?" सोमेश्वर म्हणाला. "आपल्याच बाटलीतली चोरून प्याला आन् वर चहा भरून ठिवला. म्हनून तर 'ती नको' म्हनत व्हता!"

बिभीषणला हे पटायला नको होतं. पण पटलं, आणि त्याचंच त्याला वाईट वाटलं.

२

रविवारी सकाळी बिभीषणचा फोन वाजला. आरोही होती.

"काका, खरं सांगा. बाबा पुन्हा प्यायला लागले का?"

"तुला कोण म्हणालं?"

"सोमेश्वरकाकांनी माझ्या सासऱ्यांना फोन केला. लांबचे नातेवाईक आहेत ना ते. इथं सगळ्यांपुढे बोलणं झालं. मी बॅग भरून ठेवलीय, काका. भरलेलीच राहू द्यायची की उघडायची, तेवढं सांगा. पण या वेळी फसले तर पुन्हा नाही. बाळाला त्या घराची वाटसुद्धा दाखवणार नाही."

"संध्याकाळपर्यंत थांब," बिभीषण म्हणाला. "खात्री केल्याशिवाय मी काही बोलणार नाही."

"बाबांना विचारलं तर गप्प बसतात हो. नसतं केलं तर नाही म्हणाले असते ना?"

बिभीषणलाही रात्रभर हेच कुरतडत होतं. नोकरीत त्यानं हातभट्टीवाले पुष्कळ पकडले होते. ते सगळे आधी देवाच्या शपथा घेत. गप्प बसणारा माणूस त्याला पहिल्यांदाच भेटला होता.

तो आधी सोमेश्वरकडे गेला. सोमेश्वर कारखान्याचा माजी संचालक. बोलणं मोठं आणि बाटल्या त्याहून मोठ्या. मागे त्यानं मिरवत आणलेली परदेशी बाटली कागदात गुंडाळल्यावर सगळ्यांनी शेवटच्या नंबरावर टाकली होती आणि आश्रुबाच्या पुतण्यानं आणलेली साधी देशी पहिली आली होती. तेव्हा सगळ्यात मोठ्यांदा हसला होता आश्रुबा. सोमेश्वर ते विसरला असेल यावर बिभीषणचा विश्वास नव्हता.

"पुण्याला फोन कावून केला तुमी?" बिभीषणनं बसता बसता विचारलं.

"सोयऱ्याला खरं सांगू नव्हं का?"

"खरं हाय का ते अजून ठरायचंय. तुमी ह्या आठवड्यात रामप्रसादकडं गेलता?"

सोमेश्वर चपापला. "गेलतो की, बिस्तरवारी. नाशिकची लाल वाईन ठिवाया. रामप्रसाद घरी नव्हता, म्या सवता कपाट उघडलं आन् खालच्या फळीवर आडवी ठिवली. वाईन आडवीच ठिवतेत, बूच ओलं ऱ्हातं. म्हाईत हाय मला."

"म्हणजे कपाटाशी तुमी एकटे व्हता."

"म्या संशयात का आता?" सोमेश्वरचा आवाज चढला. मग त्याला काहीतरी आठवलं. "थांबा. आश्रुबाची बाटली तवा तिथंच, वाईनच्या फळीवर आडवी पडली व्हती. म्या मनात म्हणलं, व्हिस्की आडवी कोण ठिवतंय येड्यावानी?"

बिभीषण उठता उठता पुन्हा खाली बसला. बैठकीत नवा माणूस आला की व्हिस्की उभी आणि वाईन आडवी हा धडा त्याला कोण देई? आश्रुबा! व्हिस्की बुचाला लागली की बूच खाते, हे वाक्य बिभीषणनं त्याच्या तोंडून शंभरदा ऐकलं होतं.

३

रामप्रसाद ओसरीवर तोंड पाडून बसला होता. "माझ्याच घरात झालं हे," तो म्हणाला. "लोक माझ्यावर पण संशय घेतील."

"घेतोय मी," बिभीषण म्हणाला. "कपाट दाखव."

कपाटाला कुलूप नव्हतं. वरच्या फळीवर व्हिस्क्या पलटणीसारख्या उभ्या होत्या, खालच्या फळीवर वाईनच्या बाटल्या आडव्या. आश्रुबाच्या बाटलीची जागा वरती, एकदम मागे असायची. तिथं आता धुळीत एक गोल उरला होता आणि त्या गोलावरही धूळ चढली होती.

"काल तू बाटली कुठून काढलीस?"

"खालून. मला वाटलं, आश्रुबानंच हलवली असंल."

बिभीषणनं बाटलीचं बूच हातात घेतलं. ते फुगलं होतं आणि खालून काळपट झालं होतं. नखानं खरवडलं तर चुरा पडला. एका आठवड्यात बूच असं होत नाही. मग त्यानं वाकून खालची फळी बघितली. कोपऱ्यात मुंग्यांची बारीक रांग होती आणि तिच्या वाटेत हळदीची रेघ ओढलेली होती.

"मुंग्या कधीपासून?"

"उन्हाळा लागल्यापासून. मी म्हणलं, वाईन गळत असंल एखादी."

"आणि हळद?"

रामप्रसादनं हळद आत्ताच बघितली असावी. "म्या न्हाई टाकली. मी तर खडू आणलाय मुंग्यांचा."

"बरं, तू केमिस्ट. साखर घातलेला कोरा चहा या उन्हाळ्यात बाटलीत किती टिकंल?"

"टिकतोय कसला! दोन दिवसांत आंबंल, तिसऱ्या दिवशी वर साय धरंल बुरशीची." बोलता बोलता रामप्रसाद थांबला. त्यानं काल रात्रीच्या बाटलीत उरलेला चहा पुन्हा हुंगला. "कालचा ताजा व्हता रे. पार ताजा."

बिभीषणनं बोटांवर दिवस मोजले.

चहा ताजा, म्हणजे दोन दिवसांतला. आश्रुबा आठवडाभर पुण्यात होता आणि काल यष्टीतून उतरून सरळ बैठकीत आला. म्हणजे तो चहा त्यानं भरलेला नव्हता. बिभीषणच्या छातीवरचं ओझं थोडं हललं, पण उतरलं नाही. कारण मुंग्या जुन्या होत्या आणि बूचही जुनंच खराब झालेलं. व्हिस्कीला मुंग्या लागत नाहीत. म्हणजे बाटलीत चहा उन्हाळ्यापासून होता, आणि तरीही तो ताजा होता. याचा एकच अर्थ निघत होता. कुणीतरी दर दोन-चार दिवसांनी जुना चहा ओतून नवा भरत होतं. असला उद्योग येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्याला जमणारा नव्हता. सोमेश्वर त्यातून सुटला.

उरला या घरातला माणूस.

"रामप्रसाद," बिभीषण हळूच म्हणाला, "तुझी लई दिसांची नजर व्हती त्या बाटलीवर."

"व्हती!" रामप्रसाद लाल झाला. "पण मला साखर हाय हे गावाला म्हाईताय. जन्मभर साखर केली आन् तिनंच धरलं मला. ह्या घरात फिका चहा व्हतो. म्या चहा भरला असता तर साखर कावून घातली असती?"

मुद्दा बिनतोड होता. फिक्या चहाच्या घरात गोड चहा कुणी केला? तेवढ्यात आतून रामप्रसादच्या बायकोची, वनमालावैनींची हाक आली. "भावजी, आत या. चहा टाकलाय."

४

वनमालावैनी त्या कपाटाला हात लावत नाहीत, हे सगळ्या गावाला माहीत होतं. कारणही तसंच होतं. काही वर्षांपूर्वी गावातलं देशी दारूचं दुकान बंद करायला बायकांचं मतदान झालं, तेव्हा त्यांनी घरोघर फिरून प्रचार केला होता. मतपत्रिकेवर दोनच चित्रं असतात. दुकान राहू द्यायचं असेल तर उभी बाटली आणि बंद करायचं असेल तर आडवी बाटली. गावातल्या बायकांनी आडवी बाटली निवडून आणली आणि दुकान उठलं. घरच्या शनिवारच्या बैठकीला त्यांनी हरकत घेतली नाही. शहाण्या माणसांनी घरात बसून दोन घोट घेतले तर माझं भांडण नाही, पण माझा हात लागणार नाही, एवढी अट घातली.

वैनींनी तीन कप भरले होते. दोन कप बाजूला ठेवून तिसरा त्यांनी बिभीषणपुढे सरकवला. त्यानं घोट घेतला आणि त्याची मान वर झाली. चहा गोड होता. चांगला घसघशीत गोड, आणि गोडी कालचीच.

"वैनी, तुमच्यात फिका चहा असतो ना?"

"ह्यांला आन् मला फिका. आमच्या साखरंची शिक्षा पावण्याला कावून?" त्या दूध ठेवायला फ्रिजकडे वळल्या.

फ्रिजचं दार उघडलं. पाण्याच्या बाटल्या दारात उभ्या नव्हत्या. सगळ्या मधल्या जाळीवर आडव्या होत्या. त्यांच्या शेजारी सरबताची बाटली, तीही आडवी. बिभीषणनं ओट्याकडे पाहिलं. तेलाची बाटली परातीत आडवी होती.

"वैनी," तो म्हणाला, "तुमी बाटली उभी कधीच ठिवत न्हाई का?"

"मतदानापास्न खोड लागलीया बघा," वैनी हसल्या. "उभी बाटली दिसली की हात आपसूक जातो. हे लई चिडिवतेत मला..."

हसता हसता त्या थांबल्या. बिभीषण कपातल्या चहाकडे बघत होता. वैनींनी फ्रिजचं दार हळूच लावलं.

"कळलं तुमाला," त्या म्हणाल्या.

"बाटली आडवी कोण ठिवतं, हळद कोण टाकतं आन् फिक्या घरात गोड चहा कुणासाठी व्हतो, एवढं कळलं. कशापायी केलं ते न्हाई कळलं. काल तुमी बोलला असता तर आश्रुबा वाचला असता."

"बोलले असते तर मेला असता," वैनी पदर सावरत म्हणाल्या. आवाज इतका खाली आला की बिभीषणला पुढे वाकावं लागलं. "उन्हाळ्याच्या तोंडाला दुपारचे आश्रुबाभावजी आलते. हे पेन्शनच्या कामाला कारखान्यावर गेलते. म्या मागल्या दारानं आले तर ते कपाटापुढं बसलेले. मांडीवर ती बाटली, बूच काढल्यालं. डोळ्यांतनं पाणी चाललंवतं. प्याले न्हाई, भावजी. नुसता वास घेतला, बूच लावलं आन् गेले. त्यांनी मला बघितलं न्हाई. पर म्या वळखलं, आज गेले ते उद्या येत्याल. मग म्या ती समदी मोरीत वतली."

"आणि चहा भरला."

"रंग सारखा दिसतो की. त्यांला चहा गोड लागतो म्हणून गोडच केला. आलेच कवा चोरून, तर निदान तोंड तरी गोड व्हावं. नासू नये म्हणून सारका बदलत व्हते. काल समद्यांपुढं सांगितलं असतं, तर कशापायी ते पण सांगावं लागलं असतं. चोरून बाटलीपशी बसलेला माणूस गावभर झाला असता."

बिभीषणला आता एकच प्रश्न विचारायचा होता, आणि तो विचारायची त्याला भीती वाटत होती. संध्याकाळी आरोहीला उत्तर द्यायचं होतं. त्याच्या उत्तरावर एका बापाची लेक आणि नात टांगलेली होती.

"वैनी, खरं सांगा. बदलताना चहा कवा कमी झालेला दिसला?"

वैनींनी खिडकीबाहेर पाहिलं.

"एकदाच," त्या म्हणाल्या.

५

"आरोहीचं डोहाळजेवण झालं तवा," वैनी सांगू लागल्या. "समद्यांला बोलवणं आलं, बापाला न्हाई. भावजींची बायकू, मंगल, एकटीच गेली पुण्याला. दुसऱ्या दिशी म्या चहा बदलाया गेले तर बाटली दोन बोटं खाली. म्हणलं, गेला हा माणूस. आता ह्यो दुसऱ्या गावचा गुत्ता गाठंल."

"मग?"

"मग सांच्याला दारात उभे. मला म्हणाले, 'वैनी, चहा टाका. गोड टाका.' आन् त्या शनवारपास्न लिंबू-सोडा बंद. बैठकीत बसून माझ्या हातचा चहाच पितेत. ते कवा बोलले न्हाई, म्या कवा बोलले न्हाई. बाटलीला पुन्ना हात न्हाई लागला. शप्पथ."

काल आश्रुबा "ती नको" का म्हणाला, ते आता बिभीषणला समजलं. बाटलीत चहा आहे हे आश्रुबाला ठाऊक होतं, तो कुणी भरला हेही ठाऊक होतं. तोंड उघडलं असतं तर वैनींचं नाव आलं असतं. लेक गमावायची वेळ आली तरी तो त्या एका कप चहाला जागला. आणि अशा माणसाला आपण रात्रभर चोर समजत होतो, याची बिभीषणला मनापासून लाज वाटली.

संध्याकाळची वाट बघायची गरज नव्हती. त्यानं तिथंच स्वयंपाकघरात फोन लावला. वैनी ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

"आरोही, सगळं तपासलं," तो म्हणाला. "बाटलीत चहा तुझ्या बापानं भरला नव्हता. तो भरला त्या वेळी ते तुझ्याकडे पुण्यात होते."

"पण प्यायले का, काका? मला तेवढंच सांगा."

वैनींनी डोळे मिटले. बिभीषणनं सगळी नोकरी पंचनामे लिहिण्यात घालवली होती. मुद्देमालात जे सापडलं तेच लिहायचं, हा त्याचा नियम होता. बाटलीत जे नव्हतंच ते प्यायल्याचा गुन्हा त्याच्या माहितीतल्या कुठल्याही कलमात बसत नव्हता.

"नीट ऐक," तो म्हणाला. "बूच लावल्या दिवसापासून आजवर तुझ्या बापानं ह्या घरात चहा प्यायला. चहाशिवाय दुसरं काही नाही. ह्याला मी साक्षीदार आणि वनमालाकाकू साक्षीदार."

पलीकडून बाळ रडल्याचा आवाज आला आणि त्यातूनच आरोहीचा. "बाबांना सांगा, उद्या यष्टी स्टँडवर या म्हणावं. बॅग जड आहे."

बिभीषणनं फोन ठेवला. बाहेर ओसरीवर रामप्रसाद कुणाला तरी "ये, ये, आत ये" म्हणत होता. दारात आश्रुबा उभा होता. डोळे सुजलेले, रात्रभर झोप नसावी. तो वैनींची माफी मागायला आला होता की निरोप घ्यायला, कोण जाणे.

"आश्रुबा, उद्या स्टँडवर जा लेकीला आणाया," बिभीषण म्हणाला. "बॅग जड हाय म्हणं तिची."

आश्रुबानं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग वैनींकडे. वैनींनी मान हलवली, तसा तो चौकटीला धरून मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडू लागला. रामप्रसाद गोंधळून कधी ह्याच्याकडे तर कधी त्याच्याकडे बघत राहिला. त्याला कुणीच काही सांगितलं नाही.

वैनींनी कपाटाजवळची ती बाटली आणली. उरलेला चहा मोरीत ओतला, बाटली आतून-बाहेरून स्वच्छ धुतली आणि खिडकीतल्या उन्हात वाळत ठेवली. बिभीषणनं पाहिलं, त्यांनी ती उभी ठेवली होती.

"भावजी," आधण ठेवत त्यांनी आश्रुबाला विचारलं, "चहा घेणार न्हवं?"

"घिन की," आश्रुबानं उपरण्यानं डोळे पुसले. "गोड टाका."